लिफ्ट घेण्याआधी जमीन बघा: गॅरेजमध्ये टू पोस्ट लिफ्टसाठी फ्लोअर कसा तयार करायचा



गॅरेज व्यवसायावरच्या मागच्या दोन भागांत आपण जागा आणि हत्यारं बघितली. आज लिफ्ट. खरं तर लिफ्टपेक्षा तिच्या खालची जमीन. कोटेशन मागवताना सगळे लिफ्टची किंमत विचारतात, वॉरंटी विचारतात, मोटर कुणाची ते विचारतात. "माझ्या फ्लोअरवर ही बसेल का?" हे शंभरात दोघं विचारत असतील.

मागच्या वर्षी माझ्या बॅचमधल्या एका मुलाचा दुपारी फोन आला. "सर, लिफ्ट बसवायला माणूस आलाय. बोल्ट नुसता फिरतोय, घट्टच होत नाही. तो म्हणतो, जाडा बोल्ट टाकू का?"

मी म्हटलं, "अरे, आधी थांबव त्याला. खाली काय आहे?"

"कोबा आहे सर. एकदम गुळगुळीत."

"किती जाड?"

यावर तो गप्प. संध्याकाळी त्यानं एका कोपऱ्यात फोडून बघितलं. वर दोन-अडीच इंच कोबा, त्याखाली जुनी शहाबादी फरशी, तिच्याखाली थोडा मसाला आणि मग सरळ माती. जुन्या दुकानगाळ्यात हे असंच असतं. मालक भाडेकरू बदलताना फरशीवर कोबा मारून देतो आणि जागा नवीन दिसायला लागते. लिफ्ट पुढे अडीच महिने ताडपत्रीखाली पडून राहिली. हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून चालू.

यात पुरवठादाराला दोष देता येत नव्हता. कोटेशनच्या शेवटी बारीक अक्षरात एक ओळ होती, सिव्हिल काम ग्राहकाचे. ती बहुतेक कोटेशनमध्ये असते. लिफ्ट बसवायला येणारा माणूस एका दिवसासाठी येतो, समोर जो फ्लोअर असेल त्यात ड्रिल मारतो, आणि काम झालं की कागदावर तुमची सही घेतो. म्हणजे जमीन योग्य आहे याची जबाबदारी तुम्ही उचललेली असते. उद्या गाडीखाली तुमचा मेकॅनिक उभा राहणार आहे, तोही त्याच सहीच्या भरवशावर.

फ्लोअर नेमकं काय सोसतो?

अनेकांना वाटतं, गाडी दीड-दोन टनांची, कोब्यावर रोज ट्रक उभा राहतो, मग लिफ्टला काय होतंय? इथेच गल्लत होते. उभी गाडी जमिनीला दाबते. टू पोस्ट लिफ्ट जमिनीला दाबतेही आणि उपटतेही.

पाण्यानं भरलेली कळशी हात लांब करून धरून बघा. तोल पुढे जातो, भार चवड्यांवर येतो आणि टाचा उचलायला लागतात. लिफ्टच्या खांबाचं तेच होतं. गाडी खांबाच्या आत, हातांच्या टोकाला असते. त्यामुळे खांब गाडीकडे झुकायला बघतो आणि त्याच्या बेस प्लेटची बाहेरची कड वर उचलायला बघते. तिला खाली धरून ठेवतात फक्त बाहेरच्या बाजूचे बोल्ट.

ढोबळ हिशोब करू. समजा गाडी १,८०० किलोची. एका खांबावर ९०० किलो आले. हे वजन खांबापासून ८० सेंटीमीटरवर आहे आणि बेस प्लेटवर बोल्टला मिळणारा पल्ला ३० सेंटीमीटर आहे. ९०० गुणिले ८० भागिले ३०, म्हणजे २,४०० किलो. इतक्या ताकदीनं ते दोन-तीन बोल्ट वर ओढले जातात. चार टन क्षमतेच्या लिफ्टवर पूर्ण चार टन घेतले, तर हाच आकडा ५,३०० किलोच्या आसपास जातो. तुमच्या लिफ्टची मापं वेगळी असतील, पण ओढ किती मोठी असते हे यावरून कळेल.

आणि जास्त ओढ आली की सहसा बोल्ट तुटत नाही. बोल्टभोवतीचं काँक्रीट शंकूच्या आकारात उपटून येतं. म्हणून काँक्रीटची जाडी, त्याची ताकद आणि बोल्टपासून जवळची कड किंवा सांधा किती लांब आहे, या तीन गोष्टींवर सगळा खेळ आहे. जाडा बोल्ट यातलं काहीच बदलत नाही. उलट त्याच भोकात मोठं भोक पाडून आजूबाजूचं काँक्रीट आणखी खिळखिळं करतो.

आधी जुना फ्लोअर तपासा

तपासायला खर्च जवळजवळ नाही. पुरवठादाराकडून पैसे देण्याआधी फाउंडेशन ड्रॉइंग मागून घ्या. त्यात बेस प्लेटची मापं, दोन खांबांमधलं अंतर, काँक्रीटची किमान जाडी आणि ग्रेड दिलेली असते. जो "ते नंतर पाठवतो" म्हणतो, त्याला ॲडव्हान्स देऊ नका. हे मी फार कडक सांगतोय, पण माझं मत पक्कं आहे.

ड्रॉइंग हातात आलं की खडूनं दोन्ही खांब जमिनीवर काढा आणि मधे खरी गाडी उभी करा. मोठी गाडी घ्या, इनोव्हासारखी. दारं उघडून बघा, मागे ट्रॉली फिरते का बघा. छपराची उंचीही इथेच मोजा. लिफ्ट गाडीला साधारण १.८ मीटर उचलते आणि वर गाडीची स्वतःची उंची १.७ ते १.८ मीटर. म्हणजे १२ फुटांचं छप्परसुद्धा जेमतेम पुरतं.

आता खडूच्या चौकोनात हॅमर ड्रिलनं १२ मिलिमीटरचं भोक आरपार पाडा. टोकाला एल आकारात वाकवलेली तार आत सोडा, खालच्या कडेला अडकवा, वर बोटानं खूण धरून बाहेर काढा आणि मोजा. दोन्ही खांबांच्या जागी दोन-तीन ठिकाणी करा, कारण एका बाजूला सहा इंच आणि दुसऱ्या बाजूला तीन असं सर्रास निघतं. ड्रिल मारताना बाहेर येणारी भुकटीही बघा. सारखी राखाडी, घट्ट भुकटी येत असेल तर बरं. मधेच ड्रिल सुळकन आत गेलं किंवा तांबडी-काळी माती यायला लागली, तर उत्तर मिळालं. हातोडी आपटून पोकळ आवाज येतो का, तेही ऐका.

शहाबादी, कोटा किंवा टाइल्स असतील तर त्यांच्यावर लिफ्ट बसवायची नाही. जुना पिट बुजवलेला असेल तर त्याच्या भरावावर किंवा कडेला खांब येता कामा नये. खाली तळघर असेल तर हा विषय स्ट्रक्चरल इंजिनिअरचा आहे, आपला नाही. आणि एक जुगाड सगळीकडे ऐकू येतो: तीन इंचांचा कोबा आहेच, वर तीन इंच मारू, झाले सहा. नाही होत. दोन वेगळे थर एकमेकांवर ठेवलेल्या दोन चपात्यांसारखे वागतात, त्यांचा एक जाड रोटला होत नाही.

नवीन ओतायचं ठरलं तर

बहुतेक वेळा हाच निर्णय होतो. दोन खांबांखाली दोन वेगळे चौकोन ओतण्यापेक्षा एकच सलग स्लॅब घाला, असं मी सांगतो. दोन्ही खांब एकमेकांकडे झुकायला बघतात, सलग स्लॅबमध्ये ते जोर एकमेकांना अडवतात. शिवाय बेस प्लेटच्या जवळ सांधा येत नाही. पाच मीटर बाय तीन मीटर, जाडी २०० मिलिमीटर, म्हणजे आठ इंच. पुस्तिकेत किमान जाडी याहून कमी असू शकते, पण ती पक्क्या जमिनीवरच्या उत्तम काँक्रीटसाठी असते. आपली जमीन आणि आपला गवंडी दोन्ही ओळखून थोडं जास्त घेतलेलं बरं.

आधी खाली काय आहे ते बघा. सोलापूर, परभणी, यवतमाळकडच्या काळ्या मातीत काम असेल तर ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरचा स्लॅब कितीही चांगला असला तरी खालून अशी माती उचलत-सोडत राहिली की लिफ्टची लेव्हल जाते. काळी माती किती खोल आहे आणि किती काढायची, हे स्थानिक सिव्हिल इंजिनिअरला जागेवर आणून ठरवा. त्याची फी लिफ्टच्या किमतीपुढे किरकोळ असते. कोकणात जांभा लागला तर हा त्रास नाही, पण रस्त्याकडेच्या गाळ्यांखाली भराव निघतो आणि तो दबलेला नसतो.

खोदलेल्या जागी मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत टाकायचा, पाणी मारायचं, कॉम्पॅक्टर फिरवायचा, मग पुढचा थर. एकदम फूटभर टाकून वरून धुमस केली तर वरचे चार इंच दबतात आणि खालचं सगळं भुसभुशीत राहतं. आपल्या पाच बाय तीनच्या जागेत दबलेला एक फूट थर हवा असेल तर साधारण दोन ब्रास मुरूम मागवावा लागतो. वर प्लास्टिकचा कागद अंथरा, म्हणजे कोरडा मुरूम काँक्रीटमधलं पाणी पिणार नाही.

सळईचं डिझाइन इंजिनिअर देईल. १० मिलिमीटरची सळई दोन्ही दिशांना १५० मिलिमीटरवर अशी एक जाळी धरली, तर आपल्या स्लॅबला सुमारे १३० किलो लागते. जाळी कव्हर ब्लॉकवर हवी. "ओततानाच वर ओढून घेऊ" असं गवंडी म्हणतो आणि ती तळाशीच राहते, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता ऐकूनच घेत नाही. ड्रॉइंगवरून पत्र्याचा किंवा प्लायचा टेम्प्लेट करा, बोल्टची भोकं जिथे येणार तिथून सळया थोड्या बाजूला घ्या, आणि ओतण्याआधी टेप ठेवून भरपूर फोटो काढा. महिन्यानं ड्रिल सळईवर आदळलं की या फोटोंची किंमत कळते. वायरचा पाइपही आताच टाका. नंतर स्लॅबला खाचा पाडायला देऊ नका.

ग्रेडचा गोंधळ

इंग्रजी पुस्तिकेत बऱ्याचदा ३,००० पीएसआय असं लिहिलेलं असतं. त्याचं आपल्या मापात २०.७ होतं, म्हणून ठेकेदार म्हणतो एम २० पुरे. पण तिकडे ताकद गोल सिलिंडरवर मोजतात आणि आपल्याकडे १५० मिलिमीटरच्या घनावर. त्याच काँक्रीटचा घन जास्त आकडा दाखवतो. म्हणून ३,००० पीएसआयला आपल्याकडे एम २५ धरायचं.

आता आपल्या आयएस ४५६ मध्ये ठरावीक प्रमाणाचं मिश्रण, म्हणजे नॉमिनल मिक्स, एम २० पर्यंतच चालतं. एम २५ साठी डिझाइन मिक्स हवं. घमेल्यानं मोजून ते होत नाही. जवळ रेडी मिक्सचा प्लांट असेल तर तिथून मागवा. आपल्या स्लॅबला लागतं तीन घनमीटर आणि गाडी बहुतेक वेळा सहा घनमीटरची येते, थोड्या मालाला जादा पैसे लागतात. मग एकदाच सहा मागवा. उरलेल्या तीन घनमीटरमध्ये चार इंच जाडीचा ३० चौरस मीटर फ्लोअर होतो. वॉशिंगची आणि पार्किंगची जागा त्यात उरकते. फक्त ती लिफ्टच्या स्लॅबपासून सांधा ठेवून ओता आणि पाण्याचा उतार तिथेच द्या, लिफ्टखाली नको.

गाडी दारात आली की गवंडी म्हणणार, माल कडक आहे, दोन बादल्या पाणी मारू. मारू द्यायचं नाही. पाणी वाढलं की पसरायला सोपं जातं आणि ताकद घटते. मऊ माल हवा असेल तर ऑर्डर देतानाच प्लांटला सांगा, ते त्यांच्या पद्धतीनं देतात. व्हायब्रेटर भाड्यानं आणा. चलन जपून ठेवा, त्यावर ग्रेड आणि वेळ असते. आणि त्याच मालातून सहा घन भरून घ्या. तीन सातव्या दिवशी, तीन अठ्ठाविसाव्या दिवशी तपासायचे. जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या किंवा खासगी लॅबमध्ये हे फी भरून होतं. प्लांट जवळ नसेल, तर याच लॅबकडून डिझाइन मिक्स घ्या आणि त्यांनी दिलेलं प्रमाण साइटवर वजन करूनच वापरा.

२८ दिवस

सगळ्यात अवघड भाग हा. काम काहीच नाही, नुसतं थांबायचं.

काँक्रीट ओतल्यावर दुसऱ्या दिवशी त्यावर चालता येतं, म्हणून ते तयार झालं असं वाटतं. सात दिवसांत साधारण दोन तृतीयांश ताकद येते, उरलेली पुढच्या तीन आठवड्यांत. आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस ओलं ठेवायचं असतं. मी सरळ १४ दिवस सांगतो. कडेनं मातीची आळी करून पाणी साठवा किंवा गोणपाट टाकून भिजत ठेवा. दिवसातून दोनदा पाइप फिरवला आणि मधे कडक ऊन, हे पाणी मारणं नव्हे. आणि अँकर बोल्टसाठी ड्रिल अठ्ठाविसाव्या दिवसाआधी नको.

धंद्याच्या नजरेनं बघितलं तर हे २८ दिवस म्हणजे पैसे. समजा भाडं महिना १८,००० आणि लिफ्टच्या कर्जाचा हप्ता ६,०००. लिफ्ट आधी आणून ठेवली तर दोन्ही बसून जातात. म्हणून क्रम उलटा लावा. आधी जागेचा करार, लगेच खोदकाम आणि ओतणं, आणि लिफ्टची डिलिव्हरी तारीख ओतल्यापासून किमान पाच आठवड्यांनंतरची. कर्ज घेत असाल तर लिफ्टची रक्कमही तेव्हाच उचला. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये सिव्हिल कामाची वेगळी ओळ घाला आणि ठेकेदाराचं कोटेशन जोडा. ती ओळ नसली की हे पैसे तुमच्या खेळत्या भांडवलातून जातात आणि पहिल्याच महिन्यात ऑइल-फिल्टर उधारीवर आणावे लागतात. दरम्यानच्या चार आठवड्यांत शॉप ॲक्ट, उद्यम नोंदणी, थ्री फेजचा अर्ज, बोर्ड ही कामं होतात. दुसऱ्या बाजूला जॅक आणि स्टँडवर छोटी सर्व्हिसिंगही चालू करता येते.

भाड्याची जागा असेल तर आणखी एक. मालकाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय कुदळ लावू नका. लीव्ह अँड लायसन्सच्या करारातच लिहून घ्या की स्लॅब घालायला हरकत नाही, आणि जागा सोडताना बोल्ट कापून भोकं बुजवून दिली की पुरे. हे नसेल तर निघताना मालक फ्लोअर पूर्ववत करायचे पैसे डिपॉझिटमधून कापून घेऊ शकतो. करार ११ महिन्यांचा आणि मालक पुढचं बोलायला तयार नाही, तर माझा सल्ला आहे की टू पोस्टचा नाद सोडा. फ्लोअरवर नुसती ठेवून वापरता येणारी कमी उंचीची सिझर लिफ्ट बघा. तिलाही सपाट, पक्की जमीन लागतेच, पण बोल्ट उपटण्याचा प्रश्न फारसा येत नाही.

बसवण्याच्या दिवशी

त्या दिवशी तुम्ही स्वतः हजर राहा. भोक सरळ उभं पडतंय का आणि ठरलेल्या खोलीइतकं जातंय का बघा. भोकातली भुकटी ब्लोअरनं पूर्ण काढायला लावा. भुकटी राहिली तर अँकर काँक्रीटला धरण्याऐवजी भुकटीला धरतो. दोन खांबांची लेव्हल पाण्याच्या पारदर्शक नळीनं तपासा, प्रत्येक खांबाला ओळंबा लावा. बेस प्लेटखाली फट असेल तर लोखंडी शिम आणि नॉन-श्रिंक ग्राउट. वॉशरची चळत किंवा सिमेंट-वाळूचा मसाला नको. बोल्ट टॉर्क पान्यानंच आवळायचे, पुस्तिकेत दिलेल्या आकड्याला. एखादा बोल्ट तो आकडा गाठण्याआधीच गोल फिरायला लागला तर काम तिथेच थांबवा आणि सही करू नका.

आमच्या त्या मुलानं शेवटी सगळं फोडून नव्यानं ओतलं. गाळ्याच्या भिंतीवर खडूनं १ ते २८ आकडे लिहिले होते आणि रोज सकाळी पाणी भरून झालं की एक खोडायचा. ड्रिलच्या दिवशी मीही गेलो होतो. पहिल्या बोल्टला पान्याचा टक् आवाज आला तेव्हा तो नुसता माझ्याकडे बघून हसला. आधी रिकामी लिफ्ट पाच-सहा वेळा वर-खाली केली. मग त्याच्या मामांची जुनी वॅगन आर फूटभर उचलून अर्धा तास तशीच ठेवली, खाली कुणालाही न जाऊ देता. नंतर पूर्ण वर घेऊन लॉकवर बसवली.

आठवड्यानं सगळे बोल्ट पुन्हा तपासले. त्यातले दोन पाव फेरा आत गेले. त्यानं तारीख आणि आकडा एका वहीत लिहून ठेवलाय, आणि आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी गॅरेज उघडलं की आधी टॉर्क पाना निघतो.

पुढच्या भागात कॉम्प्रेसर आणि एअर लाइन बघू.